उत्तर सांगीन, मारणार न्हाई

बोरमळ्याच्या शाळेत दौलतराव मास्तरांचा एक नियम होता आणि तो पोरांना पाढ्यांच्याही आधी पाठ व्हायचा. मास्तर तोंडी हिशेब घालायचे. ज्याला यायचा नाही त्यानं उभं राहायचं. अशी रांग वाढत जायची आणि शेवटी ज्याचं उत्तर बरोबर निघेल त्यानं उठून रांगेतल्या एकेकाचं नाक डाव्या हातानं धरायचं आणि उजव्या हातानं मुस्काटात द्यायची. कुणी हळू मारली तर मास्तर विचारायचे, "गालावर माशी बसली होती का रे?" आणि जोरात म्हणजे कशी, ते मारणाऱ्याच्याच गालावर दाखवायचे.

मास्तर वाईट माणूस नव्हते. निदान बोरमळ्यात तरी तसं कुणी म्हणत नव्हतं. मोशीहून चाकणकडे जाताना नदी ओलांडली की उजव्या हाताला ही वाडी लागायची. तिथं याआधी आलेले मास्तर सहा महिन्यांत बदली करून घ्यायचे. दौलतराव टिकले. सणासुदीलाही शाळा बुडवायचे नाहीत. त्यांची पोरं सातवीला धडाधड पास व्हायची, म्हणून गाव त्यांना मानायचं. नियमाबद्दल कुणी विचारलंच तर ते शांतपणे सांगत, "मी मारलं की पोराला माझा राग येतो. सोबतीनं मारलं की लाज वाटते. रागानं कुणी शिकत नाही. लाजेनं शिकतं."

हा नियम सगळ्यात जास्त वाट्याला आला तो दत्तोबाच्या शालनच्या.

दत्तोबा गाडीवान. त्या वर्षी, म्हणजे त्रेपन्न साली, पिंपरीला औषधाच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि दत्तोबा बैलगाडीनं तिथं दगड पोचवायचा. त्याला दोन पोरं. थोरला ज्योतीराम, घरचे त्याला जोत्या म्हणत. तो दोनदा नापास होऊन धाकट्या बहिणीच्याच वर्गात येऊन बसला होता. धाकटी शालन बारा वर्षांची, हाडकुळी, सावळी. बोलायला बेताची, पण हिशेबाला अशी की मास्तरांचा प्रश्न तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत हिचं उत्तर तयार. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तर सोडाच. साडेतीनचा पाढा, ज्याला औटकी म्हणत आणि ज्यानं भल्याभल्या पोरांना घाम फुटायचा, तो ती शेण थापताना गुणगुणायची.

आता उत्तर एकटीलाच यायचं म्हटल्यावर मारायचं कुणी? तिनंच.

पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. मोठमोठी पोरं आपल्यापुढं नाक पुढं करून उभी राहतात, याची एक गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात गंमत गेली. पोरी तिच्याशी खेळेनात. तिला पाहिलं की गाल झाकून पळायच्या. पोरांनी तिचं नाव मुस्काडी पाडलं. आणि मग एक दिवस मास्तरांनी "नऊ औट किती?" विचारलं आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी जोत्या उभा राहिला.

शालननं त्याच्या नाकाला हात लावला आणि हळूच टिचकी मारल्यासारखं केलं.

"भाऊ आहे म्हणून का?" मास्तर म्हणाले. "इथं भाऊ नाही, बहीण नाही. मार."

तिनं मारली. जोत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं नव्हतं.

त्या संध्याकाळी गोठ्यामागं जोत्यानं तिचा हात पिरगाळला आणि पाठीत तीन गुद्दे घातले. शालन रडली नाही. तिला ते रास्तच वाटलं. पण दोन दिवसांनी गोष्ट पार पिंपरीपर्यंत पोचली. दगड उतरवताना कुणीतरी दत्तोबाला म्हणालं, "काय राव, तुमच्यात पोरगी पोराला वळण लावती म्हणं!" गाडीवानांत हशा पिकला. दत्तोबा घरी आला तो चाबूक हातात घेऊनच आला.

"पोरीच्या जातीनं पोरावर हात टाकायचा? ते बी चारचौघांत?"

"गुर्जींनी सांगितलं, आबा."

"गुर्जी सांगतील. तुला अक्कल न्हाई?"

चाबकाचे दोन फटके पोटऱ्यांवर बसले. तिसरा बसायच्या आत तिची आई, अंबूबाई, मधे आली. मग भाकरी थापता थापता अंबूबाईनं आपल्या परीनं तोड काढली. "आता उत्तरच देऊ नगं. गप उभी ऱ्हात जा. काय बिघडतंय?"

शालननं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती उत्तर देईना. मास्तर विचारायचे, ती उभी राहायची, खाली बघायची. वर्गात दुसरा हुशार पोरगा बरकत. करीम नालबंदाचा मुलगा, बैलांना नाल ठोकणाऱ्या करीमचा. आता त्याच्यावर पाळी आली. बरकत मान खाली घालून यायचा, शालनचं नाक धरायचा, मारायचा आणि जागेवर जाऊन हात मांडीखाली दाबून बसायचा.

मार लागायचा तो लागायचाच. पण शालनला त्याहून वेगळंच काही छळत होतं. प्रश्न आला की उत्तर आपोआप डोक्यात यायचं, अगदी घशापर्यंत यायचं आणि ते तिथंच गिळावं लागायचं. एकदा मास्तरांनी मुद्दाम विचारलं, "शालन, दोन औट?" पहिलीतलं पोरही सांगेल असा प्रश्न. ती गप्प. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. "गेली, पोरगी ठार ढ झाली," मास्तर म्हणाले.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. ढ न्हाई मी, तिच्या मनात घोकणी चालली होती. सात. सात. दोन औट सात.

सकाळी उठून वेणी घालताना तिनं ठरवलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

मास्तरांनी त्या दिवशी तेरा औट विचारलं. एकेक करत अख्खा वर्ग उभा राहिला. बरकतही अडला. शालनच्या आवाजानं सगळे दचकले. "साडेपंचेचाळीस."

"शाब्बास! आलं का डोकं ठिकाणावर? चल, ऊठ."

ती उठली. पण रांगेकडं गेली नाही. टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"गुर्जी, उत्तर सांगीन. रोज सांगीन. मारणार न्हाई."

मास्तरांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी कोपऱ्यातली निरगुडीची छडी उचलली. "हात पुढं कर."

तिनं केला. किती छड्या बसल्या ते वर्गातल्या कुणी मोजलं नाही. मोजायची सवय असलेली पोरं, पण कुणी मोजलं नाही. दर छडीनंतर मास्तर विचारायचे, "मारशील?" आणि शालन म्हणायची, "न्हाई." सुरुवातीला तिचा आवाज चिरकत होता. मग चिरकायचा थांबला. तिनं हात मागं घेतला नाही, याचा मास्तरांना जास्त राग आला.

"बरकत! इकडं ये. हिच्या मुस्काटात मार. उद्धट झालीय."

बरकत उठला. दोन पावलं आला. त्यानं दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले.

"मला येत न्हाई, गुर्जी."

"काय येत नाही?"

"मारायला."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी बरकतलाही बडवलं आणि दुपारी शाळा सोडताना दोघांच्या घरी निरोप धाडला की उद्या बापांनी शाळेत यावं.

दत्तोबा गाडी न जुंपता आला. करीम ऐरणीपासून उठून तसाच, कामाच्या मळक्या कपड्यांत आला. मारुतीच्या देवळामागं शाळेचं अंगण होतं, तिथं आणखी चारपाच गावकरी जमले. असल्या गोष्टीला लोक जमतातच. पोरं पडवीत दाटीवाटीनं उभी. मास्तर खुर्चीत बसून बोलले आणि नीट बोलले. या पोरीची हुशारी मलाच ठाऊक, म्हणाले. पण मास्तरचा शब्द मोडायची सवय लागली तर शाळा चालणार नाही. तिनं सगळ्यांसमोर माफी मागावी आणि तुमच्यासमोर, दत्तोबा, आपल्या भावाच्या एक मुस्काटात मारून दाखवावी. मग मी विसरून जाईन. नाहीतर नाव काढून टाकतो.

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "आमी काय कमी मार खाल्ला? म्हणूनशान चार माणसांत बसतो." दुसरा म्हणाला, "मार नसता तर सही सुदिक आली नसती आपल्याला." करीमनं बरकतच्या सुजलेल्या मनगटाकडं एकदा पाहिलं आणि नजर तिथंच ठेवली.

दत्तोबाची मात्र पंचाईत झाली होती. पोरीनं पोराला मारलं म्हणून त्यानं तिला फोडली होती. आता मास्तर सांगतात, पुन्हा मारू दे, तेही तुझ्यादेखत. तो डोक्यावरचं पागोटं सारखं करत राहिला. शेवटी त्यानं सोपी बाजू धरली.

"शालन, माफी माग."

"कशाची?"

"गुर्जींचं ऐकलं न्हाईस त्याची."

शालन पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. हात सुजून टम्म झालेला, तो तिनं परकराच्या घोळात गुंडाळला होता. ती बापाकडं बघून बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गुर्जींचं ऐकलं तवा तुमी मारलं. न्हाई ऐकलं तवा गुर्जींनी मारलं. आता तुमी दोघं बसा आन् ठरवा, मी नेमका कुणाचा मार खायाचा. मंग मला सांगा."

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. दत्तोबाचा चेहरा लाल झाला, हात वर गेला. आणि तेव्हा पडवीतून जोत्या पुढं आला.

"आबा, तिला मारू नगा. औटकी ती मला शिकवती. रोज सांजंला, गोठ्यात. गुर्जींच्या छडीनं नव्हती आली मला."

मास्तर लगेच वळले. "असं? मग सांग बघू, अकरा औट?"

जोत्यानं घाम पुसला. "साडे... साडेचौतीस."

"झालं! ऐका तुमच्या पोराची औटकी!" अंगणात मोठ्यांदा हसू फुटलं. जोत्याची मान खाली गेली. "शालन, चुकला तो. मार."

"न्हाई," शालन म्हणाली. मग जोत्याकडं वळली. "अकरा त्रिक?"

"तेहतीस."

"अकराचं निम्मं?"

"साडेपाच."

"मिळव."

तो बराच वेळ लावत होता. ओठ हलत होते. पोरं त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. "साडे... अडतीस," तो शेवटी म्हणाला, आणि बरोबर आहे का हे बघायला मास्तरांकडं नाही, बहिणीकडं पाहिलं.

"शाळा माझी आहे," मास्तर उभे राहिले. "ती कशी चालवायची ते पोरीटोरींनी शिकवायचं नाही. नाव काढलं." ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

दत्तोबा दोन्ही पोरांना घेऊन घराकडं निघाला. शालन त्याच्या हाताकडं लक्ष ठेवून चालत होती. घरी आल्यावर त्यानं चाबूक खुंटीला अडकवला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. अंबूबाई हळद लावायला बसली तेव्हा तो दारातून एवढंच म्हणाला, "घट्ट बांधू नगं. सूज हाय."

इथं गोष्ट संपली असती. एका पोरीची शाळा सुटली, अशा त्या काळी वाडीवाडीत सुटत होत्या. पण शालन चार दिवस घरात बसली आणि पाचव्या दिवशी पाटी घेऊन निघाली.

"कुठं?" अंबूबाईनं विचारलं.

"शाळंत."

"नाव काढलंय न्हवं तुझं?"

"नाव आत न्हाई. भाईर बसाया नाव लागत न्हाई."

शाळेच्या खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं. जागा देवळाची, शाळेची नाही. शालन तिथं बुंध्याला टेकून बसली. आत मास्तरांनी सतरा औट विचारलं. पोरं उठत गेली, उठत गेली. सगळे उभे. आणि खिडकीतून उत्तर आलं, "साडेएकोणसाठ."

मास्तर खिडकीशी आले. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पाटीवर काहीतरी लिहीत राहिली. मास्तरांनी खिडकी बंद केली. चैताचे दिवस होते, वर पत्रा. तासाभरात वर्गातली पोरं घामानं निथळली आणि मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला. खिडकी उघडावी लागली. "बावन्न पाऊणकी?" मास्तरांनी दातओठ खात पाऊणचा पाढा विचारला. बाहेरून आवाज आला, "एकोणचाळीस."

आता नियमाचं करायचं काय? उत्तर आलं होतं, पण ज्यानं दिलं ते माणूस वर्गात नव्हतं. रांगेला मारायला कुणाला उठवायचं? मास्तरांनी बरकतला हुकूम केला. बरकत म्हणाला, "उत्तर माझं न्हाई, गुर्जी." दुसऱ्या एका पोराला उठवलं, तोही तेच म्हणाला. पोरांना त्या वाक्याची चटकच लागली. उत्तर माझं न्हाई. ज्यांना उत्तर येत होतं तीही पोरं आता गप्प राहून चिंचेकडं बघत. मग मास्तरांनी स्वतः रांगेत हिंडून मारायला सुरुवात केली. तीसबत्तीस पोरं, आणि मास्तर पन्नाशीचे, छातीत धाप लागणारे. आठवडाभर त्यांनी नेट धरला. दहाव्या दिवशी रांग अर्ध्यावर टाकून ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

शालनला दया आली असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही. ती बाहेरून पाहत होती आणि तिला वाटलं, बसा. बसा अजून थोडं.

त्यानंतर बोरमळ्याच्या शाळेत पोरांनी पोरांना मारायचा नियम पुन्हा कधी कुणी काढला नाही. मास्तरांनी तो रद्द केला असं जाहीर केलं नाही. छडी तर कोपऱ्यात राहिलीच, हातावर बसतही राहिली. शालनचं नावही त्यांनी परत घातलं नाही आणि तीही मागायला गेली नाही. दोन वर्षं ती चिंचेखाली शिकली. पावसात देवळाच्या ओट्यावर बसायची, तिथून निम्मंच ऐकू यायचं. राहिलेलं संध्याकाळी जोत्या आणि बरकत सांगायचे. सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसायचं तर चाकणला जावं लागणार होतं. करीमनं तिला आणि बरकतला एकाच टांग्यात घालून नेलं, आणि दिवसभर केंद्राबाहेर टांग्याजवळ उकिडवा बसून राहिला. दोघंही पास झाली. जोत्या पुन्हा नापास झाला आणि खुशीत गाडी हाकायला लागला.

अठ्ठावन्न साली शालनला रहाटणीचं स्थळ सांगून आलं. मुलगा पिंपरीच्या कारखान्यात पाळीवर कामाला होता, म्हणजे घरचं चांगलं. मुलाचे चुलते सोपानराव चार माणसं घेऊन पाहायला आले. पोहे झाले, बघणं झालं, रंगरूप, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मग सोपानरावांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"पोरगी मास्तरच्या तोंडाला लागली होती म्हणून शाळंतनं काढली, असं कानावर आलं. खरं काय?"

अंबूबाई आत चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली. दत्तोबा खाकरला. त्याच्या मनात एखादी गोड थाप तयार होती, असं तोच पुढं सांगायचा. पण तो बोलला ते वेगळंच.

"व्हय. खरं हाय."

"मंग आमच्यात बी उलट बोलायची."

"तिलाच इचारा. बसलीय न्हवं समोर."

असं मुलीला विचारायची रीत नव्हती. सोपानरावांनी तरी विचारलं, अर्धं थट्टेत. "काय गं, सासू हाय, नवरा हाय, कधी कुणी दोन फटके दिले तर काय करशील?"

शालननं मान वर केली. "मी कुणावर हात टाकणार न्हाई. मोठ्यावर न्हाई, बारक्यावर न्हाई. माझ्यावर कुणी टाकला तर गप बसणार न्हाई. मागनं तुमी म्हणाल आधी सांगितलं नव्हतं, म्हणून आत्ताच सांगते."

सोपानरावांनी अडकित्ता मिटला. "घरात मार नसंल तर पोरं काय हवेत वाढत्यात का?" ते बरोबरच्या माणसांना म्हणाले, आणि उठले. त्यांच्या ताटलीत पोहे तसेच राहिले होते. "कळवतो," म्हणाले. कळवणार नाहीत, हे सगळ्यांनाच समजलं.

पाहुण्यांची गाडी वाडीबाहेर गेली तशी अंबूबाई बाहेर आली आणि तिनं तोंड सोडलं. असलं स्थळ परत येणार न्हाई, गावात आता पार नाचक्की, पोरीला कुणी करून घेणार न्हाई, आणि तुमी तरी, तुमी बाप हायसा का कोण? ती रडत होती आणि बोलत होती. शालन खाली मान घालून ताटल्या गोळा करायला लागली.

दत्तोबा ओट्यावर बसला. त्यानं तिच्या हातातली एक ताटली काढून घेतली, सोपानरावांचीच, भरलेली.

"पोहे झ्याक झाल्यात," तो म्हणाला आणि घास भरला. "उठून गेले येडे. जोत्याला बी हाक मार."